तारखेचा राग आणि नात्याचा राग
पाळीपूर्व मनोविकार आणि बॉर्डरलाइन यांतला फरक कसा ओळखायचा?

"महिन्यातले आठ-दहा दिवस मी माझी राहत नाही. नवऱ्यावर ओरडते, मुलांवर हात उगारते, मरून जावंसं वाटतं. मग पाळी येते आणि दोन दिवसांत सगळं निवळतं. इंटरनेटवर वाचलं तर सगळी लक्षणं 'बॉर्डरलाइन'ची निघाली. मला तो आजार आहे का?"

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही हा प्रश्न विचारला जातो. त्याची उलटी बाजूही ऐकू येते: "हिचं काही नाही हो, पाळी जवळ आली की अशीच करते." पहिल्या वाक्यातली बाई महिन्यातल्या एका आठवड्यावरून स्वतःचं सगळं व्यक्तिमत्त्व बिघडलेलं ठरवते आहे. दुसऱ्या वाक्यातला नातेवाईक तिच्या कायमच्या दुखण्यावर पाळीचं पांघरूण घालतो आहे. दोघांनीही दिवसांची नोंद पाहिलेली नाही. या प्रकरणाचा सगळा भर त्या नोंदीवर आहे.

१. पाळीच्या चक्रात घडतं काय?

पाळीचं चक्र साधारण २८ दिवसांचं धरतात. प्रत्यक्षात २४ ते ३५ दिवसांचं चक्रही अगदी निरोगी असू शकतं. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. त्यानंतर बीजकोशात एक बीज पिकू लागतं आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत जातं. चक्राच्या मध्यावर बीज बाहेर पडतं. त्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक चढतं. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरकं झपाट्यानं उतरतात आणि पुन्हा रक्तस्राव सुरू होतो.

आपल्याला महत्त्वाचे आहेत ते बीज बाहेर पडल्यानंतरचे दोन आठवडे. पाळीपूर्व तक्रारी याच काळात येतात. बीजच बाहेर पडलं नाही, तर त्या सहसा येत नाहीत. म्हणून गरोदरपणात आणि पाळी कायमची गेल्यावर त्या थांबतात.

पाळीआधी थोडं अंग जड होणं, छाती दुखणं, गोड खावंसं वाटणं, चिडचिड होणं हे बहुतेक स्त्रियांना होतं. त्याला आजार म्हणत नाहीत. त्रास इतका वाढला की दरमहा जाणवू लागला, तर त्याला पाळीपूर्व लक्षणसमूह, म्हणजे पीएमएस म्हणतात. या त्रासाचं पहिलं वैद्यकीय वर्णन अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये केलं. पीएमएस हे नाव ब्रिटनमधल्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांच्या १९५३ च्या लेखातून रूढ झालं.

२. पीएमडीडी म्हणजे काय?

पीएमएसच्या पलीकडे एक छोटा पण गंभीर गट आहे. या स्त्रियांचं मन त्या दिवसांत इतकं बिघडतं की नोकरी, अभ्यास, संसार सगळं अडतं. या विकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीएमडीडी म्हणतात. आपण 'पाळीपूर्व मनोविकार' म्हणू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८७ मध्ये तो वेगळ्या नावानं परिशिष्टात आला. १९९४ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो नैराश्याच्या विकारांमध्ये पूर्ण निदान म्हणून बसला. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-यादीतही त्याला स्थान आहे. पाळी येणाऱ्या शंभर स्त्रियांमागे साधारण दोन ते सहा जणींना तो असतो असा अंदाज आहे.

निदानासाठी अकरा लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात. त्यांतलं एक तरी मनाशी संबंधित हवं: मनाची झपाट्यानं उलथापालथ, तीव्र चिडचिड किंवा भांडणं, खोल निराशा, नाहीतर छातीत सतत धडधड ठेवणारी चिंता. बाकीची लक्षणं म्हणजे कशात रस न वाटणं, लक्ष न लागणं, थकवा, भुकेतला बदल, झोपेतला बदल, 'आता माझ्या हातात काही राहिलं नाही' ही भावना, आणि सूज, छाती किंवा सांधे दुखणं अशा शारीरिक तक्रारी.

वेळेची अट याहूनही महत्त्वाची आहे. लक्षणं पाळीआधीच्या आठवड्यात असावीत. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच ती उतरू लागावीत. पाळीनंतरच्या आठवड्यात ती नसल्यातच जमा असावीत. आणि वर्षभरातल्या बहुतेक चक्रांत हेच घडायला हवं.

याचं कारण काय? 'हिच्या हार्मोन्समध्ये गडबड आहे' असं लोक सहज म्हणतात, पण रक्त तपासलं तर बहुतेकींची संप्रेरकं इतर स्त्रियांइतकीच भरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांच्या गटानं १९९८ मध्ये एक नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. औषध देऊन त्यांनी स्त्रियांच्या बीजकोशांचं काम तात्पुरतं थांबवलं. पाळीपूर्व त्रास असलेल्या अनेकजणींची लक्षणं गेली. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नेहमीच्याच पातळीला परत दिलं. लक्षणं परतली. हेच सगळं त्रास नसलेल्या स्त्रियांवर केलं, तेव्हा त्यांच्या मनावर काहीच परिणाम झाला नाही.

म्हणजे संप्रेरकं दोन्ही गटांत सारखीच होती. फरक होता तो त्यांच्या चढउताराला मेंदू देत असलेल्या प्रतिसादात. या संवेदनशीलतेचा एक धागा प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात बनणाऱ्या अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या द्रव्यापर्यंत जातो. ते मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतं. बहुतेकींना त्यानं निवांत वाटतं, काहींना उलट अस्वस्थ. त्यामुळे 'हार्मोन तपासले, सगळं नॉर्मल आहे, म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही' हा निष्कर्ष चुकीचा आहे. पीएमडीडी रक्ताच्या कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

३. बॉर्डरलाइन म्हणजे काय?

'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर', म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार, थोडक्यात बीपीडी. अमेरिकी मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. त्या काळच्या समजुतीनुसार हे रुग्ण साधे मनोविकार आणि तीव्र मानसिक आजार यांच्या सीमेवर असतात, असं मानलं जाई. १९८० मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत हे निदान अधिकृत झालं. सीमेची ती कल्पना आज कोणी मानत नाही, पण नाव टिकून आहे.

त्याच्या नऊ खुणा आहेत आणि निदानाला त्यांतल्या पाच लागतात: कोणी सोडून जाईल या भीतीनं केलेला आटापिटा; माणसाला एकदम डोक्यावर घेणं आणि एकदम पायदळी टाकणं अशी टोकाची नाती; 'मी नक्की कोण?' याबद्दलची अस्थिरता. पैसा, दारू, लैंगिक संबंध, वाहन चालवणं किंवा खाणं यांत स्वतःला घातक ठरणारा उतावळेपणा. स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येची भाषा वा प्रयत्न. काही तासांत पालटणारं मन. आतून सतत रिकामं वाटणं. न आवरणारा राग. आणि ताणाच्या वेळी संशय येणं किंवा आपण आपल्यापासूनच तुटल्यासारखं वाटणं.

बीपीडी हा वागण्या-वाटण्याचा साचा आहे. तो तरुणपणाच्या सुरुवातीला दिसू लागतो आणि घरी, कामावर, मैत्रीत, प्रेमात सगळीकडे उमटतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. अनेकांच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा भावनिक उपेक्षा आढळते, पण सगळ्यांच्या नाही. पुरुषांनाही बीपीडी होतो. पीएमडीडीला बीजकोश लागतात, बीपीडीला लागत नाहीत.

'व्यक्तिमत्त्वाचा विकार' म्हटलं की लोक हात टेकतात. तसं करायचं कारण नाही. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातल्या मेरी झानारिनी यांनी बीपीडीच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत बहुसंख्य रुग्णांची लक्षणं इतकी कमी झाली की ते निदानाच्या कसोटीत बसेनात. नोकरी आणि नाती सावरायला मात्र अनेकांना त्याहून जास्त वेळ लागला.

४. मग घोटाळा का होतो?

दोन्ही विकारांतली स्त्री डॉक्टरांसमोर बसून जे सांगते, ते शब्दशः सारखं असू शकतं. राग आवरत नाही. मन क्षणात पालटतं. मरावंसं वाटतं. नवरा मला टाकेल असं वाटतं. ज्या दिवशी ती दवाखान्यात येते, त्या एका दिवसाच्या चित्रावरून फरक कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. तमिळनाडूत तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव आहे. या भागातल्या भाताला कल्लणै कालव्याचं पाणी मिळतं. समजा, एका सकाळी एखाद्या शेतात गुडघाभर पाणी उभं आहे. हे पाणी कालव्याचं की पावसाचं? पाण्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी ते सांगणार नाही. कालव्याचं दार कधी उघडलं, कधी बंद झालं आणि पाऊस कधी पडला, याची नोंद पाहिली तर क्षणात उत्तर मिळतं. कालव्याचं पाणी वेळापत्रकानं येतं आणि दार बंद झाल्यावर ओसरतं. पाऊस ढग आले की पडतो. पीएमडीडी कालव्यासारखा आहे. बीपीडी पावसासारखा, आणि त्याचे ढग बहुतेक वेळा नात्यांत दाटतात: न आलेला फोन, रद्द झालेली भेट, बदललेला सूर. काही वेळा पाऊस चालू असताना कालव्याचं दारही उघडतं. त्या तिसऱ्या शक्यतेकडे पुढे येऊ.

त्याआधी चार प्रश्न.

पहिला: पाळीनंतरच्या आठवड्यात तुम्ही कशा असता? पीएमडीडीतली स्त्री म्हणते, "अगदी नेहमीसारखी. मागच्या आठवड्यात जे बोलले त्याची लाज वाटते." बीपीडीत असा हमखास मोकळा आठवडा नसतो.

दुसरा: कशानं भडका उडतो? बीपीडीत बहुतेकदा काहीतरी घडलेलं असतं आणि त्या घटनेत तुटण्याची किंवा नाकारलं जाण्याची भीती असते. पीएमडीडीत भांड्याचा आवाजही पुरतो. तीच भांडी पंधरा दिवसांपूर्वी वाजली होती, तेव्हा काहीच झालं नव्हतं.

तिसरा: हा मूड किती टिकतो? बीपीडीत काही तास, क्वचित दोन-तीन दिवस. पीएमडीडीत अनेक दिवस सलग, पाळी येईपर्यंत.

चौथा: 'मी कोण', रिकामपण, टोकाची नाती या गोष्टी महिनाभर सोबत असतात का? बीपीडीत त्या असतात. पीएमडीडीत 'मी कोण' हे बहुतेक दिवस पक्कं ठाऊक असतं. त्या आठवड्यातच ते हातातून निसटतं.

५. आठवणीवर विसंबू नका

या चार प्रश्नांची उत्तरंही आठवणीतून दिली तर फसवतात. वाईट दिवस ठळक आठवतात, बरे दिवस विरून जातात. 'पाळीआधी मला त्रास होतो' ही कल्पना मनात पक्की असली की इतर दिवसांचे भडके मोजलेच जात नाहीत. पाळीपूर्व त्रास सांगणाऱ्या अनेक स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लक्षणं महिनाभर पसरलेली निघाली. म्हणूनच पीएमडीडीचं पक्कं निदान करण्यासाठी किमान दोन चक्रांची, त्या त्या दिवशीच लिहिलेली नोंद मागतात. नोंद नसेल तर निदान तात्पुरतंच धरलं जातं.

रुग्णाची नोंद लिहून ठेवण्याची परंपरा तंजावर परिसराला नवी नाही, आणि तिच्याशी मराठीचं नातं आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजींच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आजही जपलेल्या आहेत. काहींसोबत डोळ्यांची रंगीत चित्रं आहेत. रुग्णाला काय झालं, काय केलं, पुढे काय दिसलं, हे कागदावर ठेवायचं म्हणजे पुढच्या माणसाला आठवणीवर चालावं लागत नाही. मनाच्या आजारालाही हाच नियम लागू आहे. फरक एवढाच की इथे नोंद रुग्णालाच ठेवावी लागते.

६. वही कशी ठेवायची?

शाळेची साधी वही पुरते. रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं. एका ओळीत तारीख आणि पाळीचा कितवा दिवस. मग चार गोष्टींना १ ते ६ गुण: चिडचिड, उदासी, चिंता, मनाची उलथापालथ. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे टोकाची. पाचवा रकाना 'आज काय घडलं'. सहावा 'त्यामुळे काय अडलं': कामावर गेले नाही, स्वयंपाक केला नाही, मुलाला मारलं. डॉक्टर वापरतात त्या रोजच्या तक्त्याचा गाभा हाच आहे. जीन एंडिकॉट यांच्या गटानं बनवलेला तसा एक तक्ता जगभर वापरतात.

तीन पथ्यं. दुसऱ्या दिवशी मागच्या दिवसाचे गुण लिहायचे नाहीत. कालचं पान पाहून आजचे गुण द्यायचे नाहीत. आणि गोळ्यांची नोंद चुकवायची नाही. सणासाठी किंवा लग्नासाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील तर ते चक्र मोजणीतून वगळायचं, कारण त्या गोळ्या चक्रच बदलतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

मोजणी सोपी आहे. पाळीआधीचे सात दिवस एक गट, पाळीच्या चौथ्या ते दहाव्या दिवसाचे सात दिवस दुसरा गट. दोन्हींची सरासरी काढायची. पुढची तीन उदाहरणं कल्पित आहेत, फक्त चिडचिडीच्या गुणांची.

पहिली स्त्री शाळेत शिकवते. पाळीआधीचे गुण: ३, ४, ५, ५, ६, ५, ४. बेरीज ३२, सरासरी ४.६. पाळीनंतरचे: १, १, १, २, १, १, १. बेरीज ८, सरासरी १.१. वाईट दिवसांच्या 'काय घडलं' रकान्यात काही विशेष नाही: 'डबा उशिरा', 'काहीच नाही'. पुढच्या चक्रातही हेच चित्र. ही नोंद पीएमडीडीकडे बोट दाखवते.

दुसरीचा नवरा सिंगापूरला नोकरीला आहे. पाळीआधीचे गुण: ४, २, ५, ३, २, ५, ३. बेरीज २४, सरासरी ३.४. पाळीनंतरचे: २, ५, ५, १, ३, ४, २. बेरीज २२, सरासरी ३.१. दोन्ही आठवडे जवळपास सारखे. पण घटनांचा रकाना वाचला तर प्रत्येक ५ च्या शेजारी त्याचा न उचललेला फोन आहे, किंवा 'मैत्रीण दुसरीबरोबर गेली'. इथे पाळीचा संबंध दिसत नाही, नात्याचा दिसतो. एवढ्यावरून बीपीडी ठरत नाही. पण त्या दिशेनं तपास करायला हवा आणि तिचं पूर्ण आयुष्य ऐकायला हवं.

तिसरीचे पाळीआधीचे गुण: ५, ५, ६, ५, ६, ५, ५. बेरीज ३७, सरासरी ५.३. पाळीनंतरचे: ३, ४, ३, २, ४, ३, ४. बेरीज २३, सरासरी ३.३. पाळीआधी चढ स्पष्ट आहे, पण पाळीनंतरचा आठवडाही मोकळा नाही.

७. तिसरी शक्यता

हे तिसरं चित्र दवाखान्यात वारंवार दिसतं. आधीपासून असलेला आजार पाळीच्या सुमारास बळावतो. नैराश्य, चिंता, बायपोलर, बीपीडी यांपैकी काहीही असं बळावू शकतं. अमेरिकेतल्या टोरी आयझेनलोहर-मूल यांच्या गटानं बीपीडी असलेल्या स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनेकींची लक्षणं पाळीच्या आसपास वाढलेली आढळली. त्यामुळे 'पाळीआधी वाढतं' एवढ्यावर पीएमडीडी म्हणता येत नाही. कसोटी पाळीनंतरच्या आठवड्याची. तो मोकळा असेल तर पीएमडीडी, तोही भरलेला असेल तर मूळ आजार शोधायचा. आणि काहीजणींना दोन्ही विकार एकत्रही असतात.

त्याच वेळी थायरॉइड, रक्तक्षय आणि चालू औषधं तपासून घ्यायची. आणखी एक गोष्ट तितकीच मोलाची: प्रत्येक राग आजार नसतो. नवरा दारू पिऊन मारत असेल तर तिचा राग योग्य आहे. पाळीआधी तिला तो गिळता येत नाही, एवढाच फरक. 'पाळी जवळ आली वाटतं' असं म्हणून तिची तक्रार उडवून लावणं हा अन्याय आहे.

८. निदान चुकलं तर काय बिघडतं?

दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

पीएमडीडीत नैराश्यावरची फ्लुओक्सेटिनसारखी औषधं उपयोगी पडतात, आणि तीही वेगळ्या पद्धतीनं. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पीएमडीडीत काही दिवसांतच आराम पडू शकतो. म्हणून काहीजणींना ती फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत दिली तरी चालतात. अमेरिकी औषध प्रशासनानं २००० मध्ये फ्लुओक्सेटिनला पीएमडीडीसाठी मान्यता दिली, २००६ मध्ये ड्रॉस्पिरेनोन असलेल्या एका गर्भनिरोधक गोळीला. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशन पद्धतही मदत करते. काहीच लागू पडलं नाही तर बीजकोशांचं काम थांबवणारी औषधं असतात, ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

शस्त्रक्रियेबाबत सावध राहा. फक्त गर्भाशय काढलं आणि बीजकोश ठेवले तर रक्तस्राव थांबतो, पण संप्रेरकांचं चक्र चालूच राहतं आणि मनाचा त्रासही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. 'पिशवी काढली की सगळं संपेल' हे वाक्य कुणीही म्हटलं तरी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

बीपीडीत मुख्य उपचार आहे बोलण्यातून होणारा, महिनोन्‌महिने चालणारा मानसोपचार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी पद्धत त्यात सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. ताण सहन करणं, भावना ओळखून सांभाळणं, नात्यांत नेमकं मागणं आणि क्षणात राहणं ही कौशल्यं ती शिकवते. लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच यातनांतून गेल्या होत्या. बीपीडीसाठीच म्हणून अमेरिकेत मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. औषधं दिली जातात ती सोबतच्या नैराश्य-चिंतेसाठी.

आता चुकीची किंमत पाहा. पीएमडीडीच्या स्त्रीवर बीपीडीचा शिक्का बसला तर दोन आठवड्यांच्या औषधानं जमण्यासारखं काम वर्षभराच्या उपचारात अडकतं, आणि 'माझा स्वभावच बिघडलेला' ही समजूत घट्ट होते. उलट बीपीडीच्या स्त्रीला 'हे पाळीचं आहे' म्हणून गोळी दिली तर मूळ वेदना तशीच राहते आणि पाळी गेल्यावरही जात नाही.

९. मदत कुठे?

दोन्ही विकारांत आत्महत्येचे विचार खरे असतात. 'पाळी आली की जातील' म्हणून थांबायचं नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र आणि विनामूल्य चालते, आणि मराठी व तमिळ दोन्ही भाषांत बोलता येतं. ओरत्तनाडु परिसरातल्या कुटुंबाला सुमारे पंचवीस किलोमीटरवर तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हे पहिलं दार. कायद्याची भीतीही बाळगायची नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतो. तिला शिक्षा करण्याऐवजी काळजी आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

घरच्यांसाठी काही कामं. वहीत डोकावू नका आणि 'आज किती गुण?' म्हणून चिडवू नका. तिच्या परवानगीनं पाळीआधीच्या दिवसांत मोठे निर्णय आणि जुनी भांडणं पुढे ढकला. स्वयंपाक आणि मुलांचं बघा. तिनं मरणाची भाषा केली तर ती त्या दिवसाची आहे की महिन्याची, याचा वाद घालू नका. तिला एकटी सोडू नका आणि मदत मागा.

आणि ज्या वाचक स्त्रीनं हा प्रश्न स्वतःसाठी विचारला आहे, तिला हे सांगायचं आहे: इंटरनेटवरच्या यादीत स्वतःला शोधत बसू नका. ती यादी तुम्हाला लक्षणं देईल, तारखा देणार नाही. आज रात्रीपासून दोन महिने वही भरा आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जा. "मला खूप राग येतो" या वाक्यापेक्षा ती वही डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगेल, आणि निदान काहीही निघालं तरी त्यावर उपचार आहेत.